उणे तीस आणि एक बारीक धार

सिग्नेने मावशीच्या घराचं दार उघडलं, तर सिंकखालच्या कपाटातून दोन लांबच लांब पाय बाहेर आलेले. आत हेअर ड्रायरची घरघर.

"कोण आहे तिथे?" तिने दाराशी ठेवलेला झाडू उचलला.

"हाल्वर. शेजारचा." पाय हलले नाहीत. "आधी दार लावा. ऊब चाललीय सगळी."

तिने दार लावलं. झाडू मात्र खाली ठेवला नाही.

बाहेर उणे तीस होतं. मिनेसोटाच्या त्या टोकाला जानेवारीत घर रिकामं ठेवायचं ते शेजाऱ्याच्या भरवशावरच. बोर्गिल्डमावशी हिवाळ्याच्या तोंडावर वारली, ती हाल्वरकडून वचन घेऊनच – माझे नळ गोठू देऊ नकोस. तो रोज यायचा. खोलीची ऊब पाइपांना लागावी म्हणून कपाटांची दारं उघडी ठेवायचा, नळाला सुतासारखी धार सोडून जायचा. तरी आज बाहेरच्या भिंतीतला पाइप गोठलाच.

"मेणबत्ती धरली तर लवकर नाही का वितळणार?"

"वितळेल की. पाइपही आणि घरही." तो सरपटत बाहेर आला. भुवईवर कोळिष्टक. "शहरातल्या दिसता."

"आणि तुम्ही कोळ्यांच्या नात्यातले!"

नळ खोकला, थुंकला... आणि धार आली. दोघंही उगाचच हसले.

सिग्ने आली होती घर बंद करायला. पाइपांतलं पाणी काढून टाकायचं, कुलूप लावायचं, रविवारी परत जायचं. बर्फ वितळला की घर विकायचं. पण पाणी काढलं, की हाल्वरला रोज यायला निमित्त उरणार नव्हतं. हे दोघांनाही कळत होतं, म्हणूनच की काय, काम रेंगाळत होतं. एक दिवस तळघरातली तोटी म्हणे जाम झाली. दुसऱ्या दिवशी तो पानाच विसरला.

"एवढा विसराळू, आणि शाळेत गणित शिकवतोस?"

"गणित पाठ आहे. बाकीचं... हल्ली राहत नाही लक्षात."

रविवारी मात्र पाना सापडला. त्याने मुख्य तोटी बंद केली. वरच्या मजल्यापासून एकेक नळ उघडत दोघं खाली आले. पाइपांनी शेवटचा घोट गिळला आणि घर गप्प झालं.

"उन्हाळ्यापर्यंत राहिली असतीस तर..." तो नळाकडे बघत म्हणाला.

"नको. उगाच तुला त्रास."

"त्रास कसला? राहा की."

"नको रे..."

त्या मुलखात पहिल्या झटक्यात कुणी हो म्हणत नाही. कॉफी असो, केक असो, दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. सिग्नेची आई इथलीच. सिग्ने तिसऱ्या विचारण्याची वाट बघत उभी राहिली.

हाल्वरने पाना पिशवीत टाकला. "बरं," म्हणाला.

तिने बॅग गाडीत ठेवली, आत बसून गाडी सुरू केली. तो काचेवरचा बर्फ खरवडू लागला – साफ झालेली जागासुद्धा पुन्हा पुन्हा. शेवटी तिनेच खिडकी खाली केली.

"हाल्वर, तू दोनदाच विचारलंस."

"मला वाटलं, शहरातली माणसं नको म्हणाली की नकोच असतं."

"आई इथली आहे माझी!"

त्याचा हात थांबला. त्याने टोपी मागे सारली. कान लालबुंद झालेले – थंडीने तर नक्कीच नाही, ते मघापासून टोपीत होते.

"राहशील?"

"पाणी तर सोडून दिलंस सगळं."

"परत भरता येतं."

"मग भर," सिग्ने म्हणाली आणि गाडी बंद केली.