‘इंगिह’ म्हणजे हो नव्हे

“मावशी, सोतोत मीठ कमी पडलंय हं.”

जावातल्या बांतुल गावच्या बाजारात, सोतो नावाच्या रश्श्याच्या त्या टपरीत असं वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. मीठ कमी असेल तर माणसं गुपचूप वरून घालून घेत, जास्त झालं तर गुपचूप लिंबू पिळत, आणि जाताना ‘फार छान’ म्हणून जात. पालुपीचा चमचा वाटीतच थांबला. शेजारच्या बाकावर एक रुंद खांद्यांचा तरुण खुशाल भात कालवत होता. सोतोवाल्या मावशी हसत होत्या, पण त्यांचे कान लाल झाले होते.

“मीठ समोरच आहे,” पालुपी म्हणाली. “हात पोचत नसेल तर मी देते.”

“पोचतो की! पण सांगितलं तर पुढच्या भांड्यात त्या नीट घालतील ना?” तो हसला. गालाला खळी पडली. पालुपीला आधी त्या खळीचाच राग आला. “तिकडे समुद्रापलीकडे, आमच्या तोबाला सगळे तोंडावर बोलतात. भांडतात, जेवतात, पुन्हा भांडतात.”

“मग आपण तिकडेच जेवत जावं.”

तुम्हीचं ‘आपण’ झालं की जावातल्या बाईचा पारा चढलाय हे ओळखावं. त्या बिचाऱ्याला वाटलं, काय अदबशीर मुलगी आहे!

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक त्याच खळीला घेऊन, ती गणित शिकवायची त्या आठवीच्या वर्गात हजर.

“यांचं नाव सहाला. विद्यापीठातून आलेत, शिक्षणाच्या मानसशास्त्रात संशोधन करतात. आपल्याला काय येतं नि काय येत नाही, याची मुलांना स्वतःला किती जाण असते, ते तपासणार आहेत.”

“आपलं स्वागत आहे,” पालुपी दात आवळून म्हणाली.

तो शेवटच्या बाकावर बसू लागला. गुडघे बाकाखाली मावायचे नाहीत. तास संपला की जवळ येऊन म्हणायचा, “अपूर्णांकाचं दुसरं उदाहरण मला नाही पटलं.” ती घरी जाऊन चडफडायची, उदाहरण बदलायची... आणि ते खरोखरच सुधारायचं! याचा तर जास्तच राग. रविवारी तिच्याच चर्चमध्ये तो सगळ्यांच्या वरताण आवाजात गायचा, आणि सुरात गायचा, हा आणखी वैताग. मग एक दिवस तो म्हणाला, “आजचा तास झकास झाला.” खोटं बोलणं ज्याला जमतच नाही त्याची शाबासकी ती. स्कूटरवरून घरी जाताना पालुपीला कळलं, आपण एकट्याच हसतोय. तिनं रागानं हॉर्न वाजवला. रस्त्यात कोंबडीसुद्धा नव्हती.

आणि अशात त्यानं आपला अहवाल वाचला.

गणिताच्या चाचणीत प्रत्येक प्रश्नापुढे त्यानं एक ओळ छापली होती: ‘बाईंनी शिकवलेलं हे समजलं का?’ झाडून सगळ्या मुलांनी ‘समजलं’वर खूण केली होती. निम्मी उत्तरं चुकली होती. शिक्षकांच्या बैठकीत सहालानं खणखणीत आवाजात वाचलं, “या वर्गाला स्वतःच्या अज्ञानाची जाणीवच नाही.” मुख्याध्यापकांनी हळहळून ठरवलं, मग यंदा या वर्गातून कुणाला शहरातल्या मोठ्या शाळेच्या प्रवेशपरीक्षेला पाठवू नये. उगाच पोरांचा विरस कशाला? सगळ्यांनी माना डोलावल्या. पालुपीनंसुद्धा. त्या परीक्षेसाठी ती वर्षभर पोरांना शाळा सुटल्यावर थांबवून शिकवत होती.

गाड्यांच्या शेडमध्ये तिनं त्याला गाठलं. पत्र्यावर भुरभुर पाऊस वाजत होता.

“आपलं वाचन फार सुरेख झालं.”

“खरंच?” त्याचा चेहरा उजळला.

“नाही! अजिबात नाही! अरे, तुला डोकं आहे की नाही?” आपणवरून ती एकदम ‘तू’वर आली. जन्मात कुणावर एवढा आवाज चढवला नव्हता तिनं. “बाईंनी शिकवलेलं समजलं का, हा काय प्रश्न झाला? आणि कागद गोळा कोण करतं? मी! ‘बाई, तुम्हाला शिकवता येत नाही’ असं लिहून कुठलं पोर माझ्याच हातात देईल?”

“पण... वर्गात तू ‘समजलं?’ विचारतेस तेव्हाही ती ‘इंगिह’ म्हणतात. तुमच्या जावाच्या बोलीत इंगिह म्हणजे हो.”

“इंगिह म्हणजे हो नव्हे! इंगिह म्हणजे ऐकलं. इंगिह म्हणजे तुमचा मान राखला. इतके दिवस मागे बसून काय माशा मारत होतास?”

तो ओशाळला. मग हळूच म्हणाला, “मग एखाद्याला समजलं नाही, हे तुला तरी कसं कळतं?”

तिला कळत नव्हतंच. ती आपली इंगिहच्या सुरावर खूश होऊन पुढचा धडा काढत आली होती. हे याच माणसानं दाखवावं, याचा तिला इतका संताप आला की डोळे भरून आले.

“पोरांना ठाऊक असतं,” ती म्हणाली. “विचारायचं कसं ते आपल्याला ठाऊक नाही. त्यांचं त्यांना विचारू नकोस. सांग, वर्गात एक नवा मुलगा येणार आहे, त्याला यातलं कुठलं गणित जड जाईल? मग बघ.”

त्यानं तसंच विचारलं. मुलांनी भराभर खुणा केल्या. ज्यानं त्यानं नव्या मुलाला जड म्हणून निवडलेली गणितं म्हणजे, बहुतेक सगळी, त्याची स्वतःची चुकलेली गणितं होती. कधी तोंड न उघडणाऱ्या वेनिंगनं तर खाली लिहिलं होतं, ‘नव्या मुलाला ऋण संख्या कळणार नाहीत. बाई फार भरभर पुढे जातात.’

पुढच्या बैठकीत सहाला उभा राहिला. “मी चुकलो. मुलांना सगळी जाण आहे. विचारायची अक्कल मला नव्हती. अहवाल मी मागे घेतलाय.” सगळे शिक्षक अवघडून खाली बघत राहिले. स्वतःची चूक अशी जाहीर ओरडून सांगतं का कुणी? पण प्रवेशपरीक्षेसाठी मुलांची नावं गेली.

पालुपीनं ऋण संख्या पहिल्यापासून शिकवायला घेतल्या. आणि सहालाला विद्यापीठानं परत बोलावलं. काम नव्यानं मांडायचं होतं, वरिष्ठांची नाराजी होती. शेडमध्ये तो हेल्मेट हातात घेऊन घुटमळत होता.

“उद्या निघतो. मी... परत यावं का?”

“आपली मर्जी.”

“आपली? म्हणजे चिडलीस.” एवढं त्याला आता कळू लागलं होतं. तो जरा जवळ सरकला. “बरं, समज, या गावात एक नवी मुलगी आली. तिला माझ्यासारख्या माणसाबरोबर संसार करणं जड जाईल का?”

पालुपी तांबडीलाल झाली.

“नवी मुलगी कशाला मध्ये? मी काय आठवीत आहे? मीठ-मीठ करून सगळ्या बाजाराला ऐकवतोस, आणि हे विचारायची वेळ आली की दुसरीच्या आड लपतोस? मला विचार! माझं नाव घेऊन विचार!”

अख्ख्या चर्चला झाकून टाकणारा त्याचा आवाज कुठल्या कुठे गेला. “पालुपी... माझ्याशी लग्न करशील?”

“हो!” ती ओरडली. फाटकापाशी चहा पीत बसलेला शिपाई दचकून उभा राहिला. “मला आवडतोस तू. फार आवडतोस. कधीपासून आवडतोस, नि तुला एवढं साधं कळत नाही, याचाच राग येतो मला!”

सहालानं तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही.