भोपळ्याला बोट दाखवलं

आमच्या भोपळ्याच्या वेलाला काय झालं होतं, ते आधी सांगते. भर दुपारी तो मान टाकायचा, पानं ओल्या फडक्यासारखी लोंबायची. संध्याकाळ झाली की पुन्हा टवटवीत. पाणी कमी पडलं म्हणावं, तर टिपणीस त्याला रोज पोटभर पाणी घालत होता. टिपणीस म्हणजे परभणीतल्या आमच्या गच्चीबागेचा यंत्रमानव. दिसेल ते टिपून ठेवतो, म्हणून आजोबांनी त्याचं हे नाव ठेवलं.

वेल माझा एकटीचा नव्हता. बी माझ्या मैत्रिणीनं, चैत्रालीनं आणलं होतं, माती मी कालवली होती. ती खालच्या मजल्यावर राहायची. तिच्या वडिलांची बदली झाली होती आणि रविवारी ते सगळे नागपूरला जाणार होते. बुधवारी तिला लिंबाएवढा पहिला भोपळा दिसला, आणि तिनं आनंदानं सरळ बोट दाखवलं. आमच्याकडे कोवळ्या फळाला बोट वाकवून दाखवतात, नाहीतर ते सडतं म्हणे.

दुसऱ्या दिवशी वेलानं मान टाकली. शनिवारी फळ गळालं. मी इमारतीतल्या सगळ्या मुलांसमोर तिला म्हणाले, "तुझ्या बोटानं गेला. एवढंही कळत नाही तुला?" ती जिना उतरून गेली, आणि रविवारी निघतानाही वर आली नाही.

मंगळवारी आजोबा गावाहून आले. ते निवृत्त कीटकशास्त्रज्ञ (किड्यांचा अभ्यास करणारे). माझी तक्रार ऐकत ते वेलाच्या बुडाशी उकिडवे बसले.

"इथं बघ, ऊर्मी. खोडाला भोक आहे आणि त्यातून भुशासारखं सांडायलंय. ती अळीची विष्ठा. अळी आत बसलीय."

"पण मग पानं का सुकतात?"

"खोडात बारीक नळ्या असतात. मुळांनी ओढलेलं पाणी त्यातूनच पानांकडे चढतं. अळीनं नळ्या कुरतडल्या की पाणी कमी पोचतं. दुपारच्या उन्हात ते पुरत नाही, संध्याकाळी पुरतं. बोटाचा काय संबंध? लेकरांनी कोवळं फळ चाचपू नये म्हणून कुणीतरी घातलेली भीती असंल ती."

अळी आली कुठून, हे बघायला आजोबांनी टिपणीसकडे जुन्या नोंदी मागितल्या. भिंतीवर चित्र उमटलं. एक नारिंगी माशी भर दुपारी खोडाला शेपूट टेकवत होती.

"गांधीलमाशी," टिपणीस म्हणाला. "मित्रांच्या यादीत आहे. चार वेळा आली. पहिल्यांदा आली ती बोट दाखवण्याच्या एकोणीस दिवस आधी. तिला हाकलू नये, ही सूचना ऊर्मीताईंची."

सूचना माझीच होती. गांधीलमाश्या अळ्या खातात, हे आजोबांनी शिकवलं होतं, आणि मी मोठ्या शहाणपणानं ते टिपणीसला सांगितलं होतं.

"कंबर बघ," आजोबा म्हणाले. "गांधीलमाशीची दोऱ्यासारखी असते, हिची जाड आहे. मागच्या पायांवर केसही आहेत. ही पतंगाची मादी. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून गांधीलमाशीचं सोंग. याला अनुकृती (दुसऱ्या प्राण्यासारखं दिसणं) म्हणतात. ती खोडाला अंडी चिकटवते. अळी निघाली की थेट आत." मग ते जरा थांबले. "हा फरक मी तुला तेव्हाच सांगायला हवा होता."

त्यांचं थोडं चुकलं असेल. पण चैत्रालीला टाकून बोलले ती मी.

आजोबांनी धारदार पात्यानं खोड उभं चिरलं. आडवं चिरलं तर सगळ्याच नळ्या तुटतात. आतून दोन जाड पांढऱ्या अळ्या निघाल्या. चिरेवर ओली माती लिंपून आम्ही वेलाच्या पुढच्या दोन गाठी (जिथून पान फुटतं ती जागा) मातीत दाबल्या. तिथं नवी मुळं फुटतात. आता बुडाला सुती पट्टी गुंडाळली आहे, आणि चिकटलेली तपकिरी अंडी मी रोज पुसून काढते. वेल संपला की माती उकरायची, कारण अळी कोष करून मातीतच झोपते. टिपणीस आता आधी कंबर बघतो.

वेल वाचला. मग मी धीर करून चैत्रालीला पडद्यावर बोलावलं आणि सगळं सांगितलं. चुकले म्हणाले.

"नव्या शाळेत बाईंनी नकाशावर परभणी दाखवायला सांगितलं," ती म्हणाली. "मी बोट वाकवून दाखवलं. वर्ग हसला."

वेलाच्या चिरेवर लिंपायला माती तरी होती.

दोन महिन्यांनी नव्या मुळांच्या जोरावर एक फळ धरलं. मी तिला पुन्हा बोलावलं आणि तिला वेल दिसावा म्हणून टिपणीसला त्याच्याजवळ उभं केलं. "कुठाय?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "तूच शोध आणि दाखव. सरळ दाखव."

तिनं पानांमधून ते शोधलं. हात वर केला, खाली घेतला, पुन्हा वर केला. पडद्यावर तिचं बोट आलं. अजून थोडं वाकडंच होतं.