पिछाडीला कोण होतं?

यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. बहमन महिन्यातला, म्हणजे ऐन हिवाळ्यातला दुसरा शुक्रवार, भर दुपार. जागा, तेहरानच्या डोक्यावरचा तोचाल डोंगर.

मी रहमत. पाण्याचे पंप दुरुस्त करतो.

खोल बर्फात आम्हा डोंगर चढणाऱ्यांची एक रीत आहे. पुढचा माणूस पायांनी बर्फ तुडवत वाट करतो. दमला की बाजूला उभा राहतो, रांग पुढे जाऊ देतो आणि शेवटच्या माणसापुढे मिसळतो. पण पिछाडीचा माणूस आपली जागा कधीच सोडत नाही. त्याच्या मागे कुणी राहता कामा नये.

गेल्या वर्षी माझी बायको माहरुख अशीच वाट तुडवून बाजूला झाली. दाट धुकं होतं. मी जवळून गेलो तेव्हा माझ्या पाठीवरच्या पिशवीला थाप मारून म्हणाली, "चला म्हातारबुवा, आलेच मी."

आली नाही.

तिसऱ्या दिवशी सापडली, गोठलेली. वाटेपासून चाळीस पावलांवर.

पिछाडीला कियूमर्स होता. वर्षभर तो सांगत फिरला, "माहरुख खानम माझ्या पुढेच होत्या. आपणच वाट सोडून भरकटल्या." लोकांनी मानलं. तिच्या सख्ख्या बहिणीनेही मानलं. वीस वर्षं हा डोंगर चढलेली बाई, आणि तिलाच बेफिकीर ठरवलं!

म्हणून यंदा मी त्याच गटाबरोबर गेलो. डोंगरासाठी नाही. त्याच्या तोंडून खरं काढायला.

"पिछाडीला मी," मी म्हणालो.

गट नेणाऱ्या फरंगीसबाईंनी मान हलवली. कियूमर्स हसला. "रहमत आगा, डोकं अजून गरमच? बरं आहे, टोपी लागणार नाही."

"तोंड सांभाळ. वर गेल्यावर बोलू."

वर धुकं उतरलं. वारा पडला. सात जणांच्या पायांखाली बर्फ करकरत होता...

आणि माझ्या मागेही.

वळून पाहिलं. कुणी नाही.

मी थांबलो की तो आवाजही थांबायचा... एक पाऊल उशिरा.

पुढे कियूमर्सची पाळी संपली. तो बाजूला उभा राहिला. पाच जण पुढे गेले. मी पोचलो.

"हं, शीर माझ्यापुढे."

तो हलला नाही. माझ्या खांद्यावरून मागे बघत होता.

"तुम्ही व्हा पुढे," तो सहज म्हणाला. "मागून खानम येतायत, त्यांना आधी घेतो."

"कुठली खानम? गटात बाई एकच, आणि ती पुढे आहे."

तो एक पाऊल मागे सरला.

"विचारतायत..."

"काय?"

"पिछाडीला कोण होतं..."

मला काहीच ऐकू आलं नाही. मी त्याची कॉलर धरली. "मग सांग तिला! सांग!"

तो बर्फात मटकन बसला आणि ओरडला. "मी नव्हतो! हात बधिर झाले होते. निवारा जवळ आला म्हणून धुक्यात रांगेच्या पुढे निघून गेलो... त्यांच्या मागे कुणीच नव्हतं!"

फरंगीसबाई मागे आल्या. "नीच माणसा, वर्षभर माझ्या तोंडावर खोटं बोललास?"

मी तिथे थांबलो नाही. उलटा फिरलो.

वाटेच्या कडेला एका माणसापुरता बर्फ तुडवून सपाट झालेला होता. पाय गरम ठेवायला कुणी बराच वेळ उभं राहून नाचवावेत, तसा. तिथे जाणारं पाऊल नाही... तिथून निघणारंही नाही.

"माहरुख!"

घसा बसेपर्यंत हाका मारल्या.

आता सगळ्यांना कळलं, चूक तिची नव्हती. तिची बहीण रडत माझ्या दारात आली होती. मी दार उघडलं नाही.

पण एक गोष्ट मला झोपू देत नाही. ती त्याला दिसली. त्याच्याशी बोलली. माझ्या पाठीमागे इतका वेळ चालली, पण मला एक शब्द नाही.

जाब त्याला विचारायचा होता, मान्य. पण त्या दिवशी तिला धुक्यात सोडून मीही पुढे गेलोच होतो.

एकदाही वळून न बघता.