चाळीस हजार पानांचा साचा

चौकटीचा नुसता रंग बदलला म्हणून अख्खी चांद्रवसाहत गुदमरू शकते का? त्या दुपारी बारा वर्षांच्या शाल्मलीला तसंच वाटलं.

वसाहतीतले सगळे मिळून ‘चंद्रकोश’ हा संगणकावरचा ज्ञानकोश लिहीत. शाल्मलीने त्यातल्या विवरांच्या साच्याच्या (अनेक पानांवर एकदम दिसणारा मजकुराचा तुकडा) चौकटीचा रंग करड्याचा निळा केला. तो साचा चाळीस हजार पानांवर होता, हे तिच्या गावीही नव्हतं. पाहता पाहता कोश रखडू लागला. तळघरातल्या सर्व्हरच्या (पानं साठवून सर्वांना पुरवणारा संगणक) पंख्यांची घरघर वाढली, आणि त्याच तळघरात हवेची यंत्रंही होती!

घाबरून तिने सर्व्हरवरचं ओझं उतरवायला घेतलं. दोन वर्षं उपग्रहाची छायाचित्रं पाहून जमीन कुठे भुसभुशीत आहे याच्या तिने लिहिलेल्या नोंदी होत्या. त्यातली अकरा पानं तिने पुसली आणि रडत आजोबांना गाठलं. सर्व्हर त्यांनीच उभारला होता.

“आजोबा, हवा बंद पडेल?”

आजोबा हसले नाहीत. हवेचा संगणक वेगळा, वीजही वेगळी, हे त्यांनी आधी सांगितलं. मग म्हणाले, पाहुणा आला की कुणी लाडू वळायला बसत नाही, डब्यातला देतात. सर्व्हरही पानाची तयार प्रत (एकदा बनवून हाताशी ठेवलेलं पान) देतो. साचा बदलला की त्या प्रती शिळ्या होतात. मग तो चाळीस हजार पानं रांगेत लावून सवडीने पुन्हा बनवतो. म्हणून थोडा वेळ रखडतो, इतकंच.

“पण मी अकरा पानं पुसून ओझं कमी केलं ना?”

“उलट वाढवलंस. जुनी प्रत्येक आवृत्ती आपण जपतो. पुसलेलं पान म्हणजे आणखी एक आवृत्ती.”

 शाल्मलीला हळूहळू उमगलं, की तिच्या नोंदी कुठेच गेल्या नव्हत्या.

“ओझं आम्ही सर्व्हर सांभाळणारे पाहू,” आजोबा म्हणाले. “फार झालं तर आम्हीच सांगू, तेव्हा थांबायचं. सर्व्हर बिघडला तर मला दुरुस्त करता येईल. पण तू पाहिलेलं तू लिहिलंच नाहीस, तर ते मी कुठून आणू?”

तिने अकराही पानं परत आणली.  मग तिने उत्तरेकडच्या एका काळ्या विवराचं नवं पान उघडलं आणि पहिली ओळ लिहिली: ‘पश्चिमेच्या कडेवरून उतरू नका.’ पुढच्या आठवड्यात तिथे पहिल्यांदाच माणसं उतरणार होती.