सातव्या ओळीतला उजेड

२०१३ साली गोदामातले जुने पिवळे दिवे काढून एलईडी लावायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद अक्कांना झाला. सुट्या भागांची खोकी वाचून, मोजून पाठवण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. पण अलीकडे मांडण्यांच्या सातव्या ओळीत त्यांना आठाचा तीन दिसायचा. दोनदा भलतंच खोकं गेलं. "तिसऱ्यांदा झालं तर घरी बसावं लागेल हं अक्का," साहेब हसत म्हणाले होते. पण ते हसणं काही खरं नव्हतं.

चष्मेवाल्याने तपासून सांगितलं, "डोळे ठणठणीत आहेत. शेवटची ओळसुद्धा वाचलीत की!" म्हणजे दोष दिव्यांचाच.

वायरमनने सातव्या ओळीत नमुन्याचे दिवे टांगले. भर दुपारची वेळ. जमिनीवर खडूने फुल्या मारून तो प्रत्येक फुलीवर उजेडाचं मीटर ठेवी आणि आकडा सांगे. अक्का लिहून घेत.

"तीनशे दहा. तीनशे पाच. तीनशे आठ." चौथ्या फुलीवर तो अडखळला. "एकशे वीस? अक्का, सावली पडतेय तुमची. मागे व्हा जरा."

"मागेच आहे रे बाबा. चांगली दहा पावलं."

त्याने वळून पाहिलं. मग वर. दिवा लख्ख पेटलेला होता.

अरुंद झोताचा दिवा काढून रुंद पसरणारा लावला. मीटर बदललं. आकडा तोच.

"नवरी पसंत करायलासुद्धा एवढा वेळ लागत नाही," म्हणत साहेब आले. स्वतः वाकले. आकडा पाहून त्यांनीही वर दिव्याकडे पाहिलं.

मग अक्का पाचव्या फुलीपाशी एक खोकं वाचायला उभ्या राहिल्या. खोक्यावरचा आकडा अंधुक झाला.

"चौथीवर बघ रे आता."

"तीनशे दहा!" वायरमन म्हणाला. त्याने मीटर उचलून पाचवीवर, अक्कांच्या शेजारी ठेवलं. आकडा मात्र मोठ्याने वाचला नाही.

पांढऱ्या उजेडात आता ते दिसत होतं. खोक्यावर एक मऊ कडांची सावली होती, वाकून वाचणाऱ्या माणसाएवढी. अक्कांची स्वतःची सावली त्यांच्या मागे पडली होती.

पिवळ्या दिव्यांत सगळंच अंधुक असायचं. किती वर्षं, कोण जाणे.

अक्कांच्या तोंडून निघून गेलं, "सरक जरा."

सावली सरकली.

आठच होता.

रुंद पसरणारे दिवे पसंत झाले. सातव्या ओळीत दुप्पट लावले. वायरमनने पुढे पंखेदुरुस्तीचं दुकान टाकलं. दिव्यांचं काम घेतलं नाही. साहेबांची बदली झाली. अक्का एकही चूक न करता पाच वर्षांनी मानाने निवृत्त झाल्या. त्या गेल्यापासून सातव्या ओळीत सगळीकडे सारखा उजेड असतो म्हणे.

हल्ली त्या दुपारी खिडकीपाशी नातवाच्या शर्टांना बटणं लावतात. परवा सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "सरक जरा."

खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेली सून गोंधळून उठू लागली. ती उठायच्या आतच सुईवर ऊन आलं.