साहेबाच्या यंत्राचा सुटा भाग

"आपल्या तिफणीचं चाडं कुठं गेलं वं?" हर्षाने मैत्रिणीला, काजलला, विचारलं.

शहराच्या सदर भागातल्या कृषिप्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता. हर्षाच्या आजोबांनी, रुपरावांनी, हौसेने पेरणीची तीन नळ्यांची तिफण पाठवली होती आणि आज ते ती न्यायला येणार होते. चाडं म्हणजे बी सोडायचं लाकडी वाडगं. तेच नसेल तर मृगात पेरायचं कशाने?

तिफण दाराआड उभी होती. वर पाटी, 'जुनाट नांगर'. म्हणे नांगर! इंग्लंडहून आणलेलं पेरणीयंत्र मात्र काचेच्या पेटीत.

"इंग्रज साहेब इथं यायच्या आधीपासून आपण तिफणीनं पेरून राहिलो," काजल म्हणाली, "अन् कौतुक त्याचं!"

"इकडं या," ऑफिसच्या दारातून त्यांचा मित्र विक्की म्हणाला. "पण नाक धरून."

संयोजक धर्मेंद्र सरांच्या टेबलाखाली चाडं होतं. तळाच्या तिन्ही भोकांत कागदाचे बोळे कोंबलेले, आणि वर तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची थुंकी. पेरणीआधी घरात ज्याला हळदकुंकू लागतं, त्याची या लोकांनी पिकदाणी केली होती!

"सरांले सांगू," विक्की म्हणाला.

"काहून? लाकडाचं भांडं तर आहे, म्हणतील," हर्षा म्हणाली. "थांब, मी बोलतो त्याहिच्याशी."

ती साळसूद चेहऱ्याने सरांकडे गेली. "सर, तुमच्या टेबलाखाली इंग्लंडच्या यंत्राचा सुटा भाग पडला आहे वाटतं. समारोपाला आलेल्या पाहुण्यांनी पाहिला तर?"

"इंग्लंडचा? अरे देवा!"

सर धावले. स्वतःच्या बोटांनी बोळे उपसले, साबणाने घासघास घासलं आणि आपल्या रुमालाने पुसलं. "काय फिनिशिंग आहे! आपल्याकडे जमेल का असं?"

पाहुण्यांसमोर ते मोठ्या ऐटीत काचेची पेटी उघडून यंत्राला चाडं बसवू लागले. ते कुठेच बसेना. तेवढ्यात रुपरावही आले. हर्षाने सरांच्या हातून चाडं घेतलं, तिफणीवर ठेवलं आणि मूठभर ज्वारी सोडली. तिन्ही नळ्यांतून दाणे सरसर खाली आले. पाहुणे वाकून बघत राहिले.

सरांचा चेहरा उतरला. "तू मला फसवलंस."

"खरं सांगितलं असतं, तर तुम्ही धुतलं असतं का सर?"



मुलांकडून सगळं ऐकून रुपरावांनी तिघांच्या पाठीवर हात ठेवला. "शाबास! तुम्ही होते म्हणून सापडलं." मग चाडं नाकाशी नेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं. "घरी राखेनं घासा रे. हा वास गेल्याबिगर याच्यात बी टाकाचं नाही."