कोंबड्याचा चार्ज

मला तो खिडकीच्या सीटबरोबर मिळाला.

सीट काकूंची होती. दातांच्या दवाखान्यात आयुष्यभर लोकांना नंबर देऊन त्या निवृत्त होत होत्या. गाडीतल्या त्यांच्या शेवटच्या सकाळी त्यांनी उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. मीच का, ते आजही कळलेलं नाही. बहुधा माझी पर्स सगळ्यात लहान होती.

"ये पोरी, बस," त्या म्हणाल्या. "पण या सीटबरोबर हा येतो."

हा म्हणजे शेजारी झोपलेला तरुण. मान मागे, तोंड किंचित उघडं, स्वेटरवर पिवळी लव. अंडी उबवण्याच्या केंद्रात तो रात्रपाळी करायचा आणि सकाळच्या गाडीनं घरी जायचा. डब्यात सगळे त्याला कोंबडा म्हणत, कारण दुसऱ्यानं उठवावा लागणारा जगातला हा एकच कोंबडा होता. मोबाइलचा गजर लावून झाला होता. अख्खा डबा जागा झाला, हा नाही.

काकूंनी मला रीतसर चार्ज दिला. खांदा हलवायचा नाही, दचकतो. हाक मारायची नाही, झोपेतच 'हो हो' म्हणतो. बाही धरून हळूच दोनदा ओढायची, गाडी पुलावर आली की. एवढं सांगून, त्या दिवशीचं शेवटचं उठवणं स्वतः करून काकू उतरल्या, आणि मी, चष्म्याच्या दुकानातली एक साधी मुलगी, बसल्या जागी एका कोंबड्याची पालक झाले.

दुसऱ्या दिवशी पुलावर मी बाही ओढली. त्यानं डोळे उघडले. दिवसभर मी लोकांचे डोळेच तपासते, त्यामुळे सहसा हुरळून जात नाही. पण हे डोळे… असो. दोन्ही निरोगी होते.

तो बराच वेळ बघत राहिला. "काकू," शेवटी म्हणाला, "तुम्ही फार बदललात."

त्या निवृत्त झाल्या, आता मी आहे, असं सांगितलं. त्यानं मान डोलावली, आभार मानले आणि उतरून गेला. रोज असंच. पूल ते स्टेशन, एवढाच आमचा संसार. त्यात काय बोलणार? म्हणून मी त्याला पुलाच्या थोडं आधी उठवू लागले. मग बोगद्याच्या आधी. मग साखर कारखान्याची चिमणी दिसली की. बिचाऱ्याची झोप मी हप्त्याहप्त्यानं खाल्ली. त्यानं कधी तक्रार केली नाही. फक्त एकदा डोळे चोळत म्हणाला, "पूल आजकाल लवकर येतो."

"नवीन बांधलाय," मी म्हणाले.

"छान केलं," तो म्हणाला आणि सरळ बसला.

मग तो पिल्लांच्या गोष्टी सांगायचा. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू डोळे उघडून जे पहिलं हलताना बघतं, त्यालाच आपलं मानतं आणि त्याच्यामागे फिरत राहतं. आज ट्रेभर पोरांनी त्याला आई ठरवलं होतं. मिशी असूनही? मी विचारलं. मिशीचा त्यांच्यावर काही परिणाम होत नाही, असं तो गंभीरपणे म्हणाला.

एकदा मला ताप आला. घरी पडल्या पडल्या एकच घोर, त्याला कोण उठवेल? कुणीच उठवलं नाही. तो थेट शेवटच्या स्टेशनला पोचला. परत गेले तेव्हा मी माफी मागायच्या तयारीत होते. डोळे उघडताच तोच म्हणाला, "बऱ्या आहात ना? समोर समुद्र दिसला, तेव्हाच कळलं, तुम्हाला बरं नसणार."

झालं. माझा उरलासुरला ताप त्याच दिवशी उतरला आणि दुसरा चढला.

आणि नेमकं तेव्हाच आमच्या दुकानाची नवी शाखा माझ्या घराजवळ निघाली. माझी तिथे बदली झाली. आई म्हणाली, सुटलीस बाई त्या गाडीतून. धाकट्या बहिणीनं माझा जेवणाचा डबा आतापासूनच मागून ठेवला. गाडीतल्या लोकांनी अभिनंदन केलं. मी सगळ्यांना हसून दाखवलं आणि वारस शोधायला लागले.

गाण्याच्या बाई म्हणाल्या, वरच्या पट्टीत उठवीन. त्यांची वरची पट्टी आम्ही ऐकली होती. विमावाले दादा तयार होते, पण उठल्याबरोबर पॉलिसी दाखवणार होते. बँकेतले काका स्वतःच घोरत होते. खरं सांगायचं तर एखादी देवमाणूस नर्स आली असती, तरी मी तिला नापास केलं असतं.

शेवटच्या सकाळी मी बसताक्षणीच बाही ओढली. अजून चिमणीसुद्धा आली नव्हती. बदलीचं सांगून टाकलं. आजचा शेवटचा दिवस, आणि चार्ज द्यायला कुणी मिळालं नाही, हेही.

तो बाहीवरची पिवळी लव वेचत राहिला. कारखाना गेला, बोगदा गेला. काचेवर बाहेरचं धुकं साचून थेंब घसरत होते.

"रोज डोळे उघडले की मला पहिल्या तुम्ही दिसता," तो हळूच म्हणाला. "पिल्लाचा… यात दोष नसतो."

गाडी पुलावर आली. आवाज एवढा, की माझं उत्तर मला दोनदा सांगावं लागलं. एकदा लाजून, एकदा ओरडून.

"मी हे काम घरून करू का?"

विमावाल्या दादांनी पेपर खाली केला. पूल संपला. त्याचं स्टेशन आलं, थांबलं, मागे गेलं. तो टक्क जागा होता, माझ्याकडे बघत, आणि जागेपणी स्टेशन चुकण्याची ती त्याची पहिलीच वेळ.

"चला," तो म्हणाला, "समुद्र दाखवतो. मी ओळखतो त्याला."

सीट मी दादांना दिली. सोबत काहीच येत नाही म्हणून ते जरा खट्टू झाले.

लग्नानंतर आम्ही काकूंचे आभार मानायला गेलो. दार उघडलं, दोघांना एकत्र पाहिलं, आणि नवल वगैरे काही न दाखवता त्यांनी आधी त्याचा स्वेटर तपासला.

"बाही उसवली वाटतं."

उसवली होती. मी शिवली. आता संध्याकाळी दुकानातून आले की रात्रपाळीसाठी त्याला दुसरी बाही ओढून उठवते. हळूच. दोनदा.